मेणाआधीचे तीन प्रश्न

तर त्या पोरानं ओनोफ्रेच्या अंगणात गाडी उभी केली आणि खाली उतरायच्या आधीच खिडकीतून मान काढून म्हणाला, "तिओ, सगळ्यात जास्त चमकणारं मेण द्या." काल आपण इथवर आलो होतो, आणि तेवढ्यात जेवणाची हाक आली. आता पुढचं ऐका.

ओनोफ्रे माएस्तास कोंबड्यांना दाणे टाकत होता. तो काही थांबला नाही. एस्पान्योलाच्या खोऱ्यातली तरणी पोरं त्याला तिओ म्हणजे काका म्हणत, आणि काकानं घाई करायची नसते हे त्याला ठाऊक होतं. मूठ रिकामी झाल्यावर तो म्हणाला, "चमक काय, पत्र्याच्या डब्यालाही असते. गाडी झोपते कुठं?"

"अं?"

"झोपते कुठं? छपराखाली की झाडाखाली?"

"झाडाखाली. आजोबांच्या अलामोखाली."

"म्हणजे चिकटा पडतो. ऊन कुठल्या बाजूनं येतं?"

"डावीकडून... बहुतेक."

"बहुतेक नको. बघून ये."

आणि खरंच, तो पोरगा गाडी वळवून चार मैल घरी गेला, ऊन बघून आला आणि म्हणाला, "उजवीकडून." ओनोफ्रे खूश झाला. मग त्यानं तिसरा प्रश्न विचारला, आणि तो विचारताना तो माणसाच्या तोंडाकडं बघायचा, गाडीकडं नाही. "आधी काय लावलं होतंस?"

पोरगा लाजला. "काही नाही. आईच्या भांड्यांच्या साबणानं धुवायचो."

"तिला सांगू नकोस. मला सांगितलंस, बरं केलंस." असं म्हणून ओनोफ्रे आत गेला आणि कॉफीच्या जुन्या डब्यात भरलेलं मेण घेऊन आला. डब्याला पट्टी नव्हती. लाल पट्टीचं मेण गडद गाड्यांना, निळ्या पट्टीचं पांढऱ्या नि फिक्या गाड्यांना, आणि बिनपट्टीचं उघड्यावर झोपणाऱ्या गरीब गाड्यांना. पोराचं तोंड पडलं, कारण त्याचा डोळा लाल पट्टीवर होता. ओनोफ्रे म्हणाला, "लाल पट्टीनं खोली येते. तुझी गाडी पांढरी. पांढरीला खोली देऊन काय विहीर खणायची आहे? तिला नुसतं स्वच्छ तोंड पुरतं. आणि हे जरा घट्ट आहे, चिकटा वरच्या वर धरून ठेवील. मेण म्हणजे गाडीची वरची कातडी रे. उन्हानं तिला खावं, रंगाला खाऊ नये, एवढ्यासाठीच ती लावायची."

आमच्या खोऱ्यातलं ऊन रंग खातं, शेळीनं पाला खावा तसं. म्हणून तर इथं मेणाची एवढी चर्चा. इथं गाडी ही काही कुठं लवकर पोचायची वस्तू नव्हे. पोट जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली, तीन-तीन थरांच्या रंगानं साखरेच्या गोळीसारखी पारदर्शक दिसणारी गाडी घेऊन रविवारी रस्त्यानं चालत्या माणसापेक्षा सावकाश जायचं, हे इथलं सुख. आणि त्या रंगावर कुठलं मेण चढवावं याचा कौल ओनोफ्रेच्या अंगणात मिळायचा.

मेण तो स्वतः शिजवायचा. ब्राझीलच्या ताडाच्या पानावरचं पिवळं कडक मेण, वरच्या गावच्या मधमाश्यांचं मऊ मेण आणि टर्पेंटाइन. एका भांड्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, आणि मंद आच. एरलिंडा, त्याची बायको, चाळीस वर्षं एकच गाऱ्हाणं करत आली. "म्हाताऱ्या, माझ्या बीन्सच्या भांड्यात तू ते रटरटवतोस आणि मग पाहुणे म्हणतात, वहिनी, बीन्स फार चमकदार झालेत."

एक गोष्ट मात्र त्याच्या भांड्यात कधी गेली नाही. सिलिकॉन. बाजारात बाटलीतलं पॉलिश मिळतं ना, फडक्यावर दोन थेंब घेतले की पाच मिनिटांत गाडीचा आरसा होतो, त्यात ते असतं. चमक खरी, कबूल. पण ते रंगाच्या बारीक भेगांत उतरतं आणि तिथं बिऱ्हाड थाटतं. पुढं दहा वर्षांनी नवा रंग मारायला घ्या, रंग त्या जागेवर बसत नाही, पळतो. गोल गोल खळगे पडतात. पेंटर लोक त्यांना माशाचे डोळे म्हणतात आणि म्हणताना थुंकतात.

म्हणून तो तिसरा प्रश्न. आणि त्या प्रश्नावर आणखी एका माणसाचं पोट होतं, तो म्हणजे प्रोकोपियो लुसेरो, खोऱ्यातला सगळ्यात चांगला पेंटर. अनोळखी गाडी आली की प्रोकोपियो तिला तीन वेगवेगळ्या द्रावणांनी धुवायचा, दोन दिवस तशीच ठेवायचा, मग एक कोपरा रंगवून बघायचा. पण गाडीवाला म्हणाला, "ओनोफ्रेची डबी, दुसरं काही नाही," की एकदा पुसायचं आणि थेट फवारणीला उभं राहायचं. याबद्दल दोघांत कधी बोलणं झालं नव्हतं, कागद झाला नव्हता. ओनोफ्रेनं विचारलंय ना, मग झालं. एवढी त्या शब्दाची पत.

हा तिसरा प्रश्न ओनोफ्रेनं पाद्र्यालाही विचारला होता. सख्ख्या मेहुण्याला विचारला होता आणि मेहुण्याला तो झोंबला होता. फक्त एका माणसाला त्यानं तो कधी विचारला नाही.

तो सेलेदोन बोर्रेगो.

सेलेदोन आणि ओनोफ्रे एका पाटावर पाणी अडवत वाढलेले. एकमेकांना शिव्या घातल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडायचा नाही. मग ओनोफ्रेला पहिला मुलगा झाला आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी सेलेदोननं त्याला हातांवर धरलं. त्या घटकेपासून दोघं कोम्पाद्रे झाले. पोराचा बाप आणि धर्मबाप यांचं हे नातं आमच्याकडं रक्तापेक्षा जड. त्याचा एक रिवाज असा, की कालपर्यंत अरे-तुरे करणारे त्या दिवसापासून एकमेकांना अहो-जाहो करतात, मरेपर्यंत. त्याच दुपारी दोघं नदीवर मासे धरायला गेले. सेलेदोनचा गळ ओनोफ्रेच्या टोपीत अडकला. ओनोफ्रे रागानं लाल होऊन वळला, तोंड उघडलं, आणि रिवाज आठवला. बराच वेळ शब्द सापडेना. शेवटी म्हणाला, "कोम्पाद्रे, आपण गाढव आहात." सेलेदोननं टोपी काढून उत्तर दिलं, "आपली कृपा आहे, कोम्पाद्रे." आणि दोघं हसून हसून वाळूत लोळले.

अशा माणसाला विचारायचं, की आधी काय लावलं होतं? छे. भावाला खिसे उलटे करून दाखव म्हणण्यासारखंच ते.

सेलेदोनची गाडी म्हणजे चौसष्ट सालची इम्पाला, डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. डिकीवर ग्वादालुपेच्या आईचं, म्हणजे आमच्या देवमातेचं चित्र, हात जोडलेले, पायाखाली चंद्र, भोवती किरणं. ते सेलेदोनचा धाकटा भाऊ अमारांते यानं काढलेलं. वर्षाच्या आत तो छातीच्या दुखण्यानं गेला. त्यामुळं ती आई पुन्हा कुणाकडून काढून घेता येणार नव्हती.

बावीस वर्षं, दर जुलैतल्या जत्रेआधी दोन दिवस ओनोफ्रे कोम्पाद्रेच्या गॅरेजात शिरायचा. दार आतून लावायचं, आत फक्त दोघं. लाल पट्टीचं मेण बोटांनी लावायचं, फडक्यानं नाही, कारण खडा लागला तर बोटाला आधी कळतं. हातभर जागा लावली की थांबायचं, सुकू द्यायचं, पुसायचं, पुढं सरकायचं. डिकीपाशी आला की तो डबी बंद करायचा. आईच्या झग्यापर्यंत मेण, किरणांपर्यंत मेण, पण चेहऱ्याला नाही. चेहऱ्यासाठी एरलिंडाच्या जुन्या उशीच्या अभ्र्याचा तुकडा, कोमट पाण्यात बुडवून पिळलेला. आजारी माणसाचं तोंड पुसतात तसं तो हळूच पुसायचा. पहिल्या वर्षी सेलेदोननं विचारलं होतं, "अहो, तेवढंच का सोडता?"

"आईच्या तोंडाला कुणी पॉलिश करतं का, कोम्पाद्रे?"

सेलेदोननं मान डोलावली होती. ही गोष्ट त्या दोघांखेरीज एरलिंडाला तेवढी माहीत, कारण अभ्रा तिचा.

जत्रेत शेवटची सलग सात वर्षं इम्पालाला चमकीचं पहिलं बक्षीस मिळालं. दर वर्षी सेलेदोन चषक उंच धरून सांगायचा, "हे माझं नाही, माझ्या कोम्पाद्रेच्या हातांचं आहे." गर्दीत मागं उभ्या ओनोफ्रेचे कान तांबडे व्हायचे आणि एरलिंडा त्याला कोपरानं ढोसून म्हणायची, "सरळ उभा राहा, म्हाताऱ्या, लोक बघतायत."

आठव्या वर्षी, फेब्रुवारीत, इम्पालाच्या वरच्या पारदर्शक थराला भेगा पडल्या, वाळलेल्या तळ्याच्या गाळासारख्या. सेलेदोन गाडी घेऊन प्रोकोपियोकडं गेला. वरचा थर घासून पातळ करायचा आणि नवा चढवायचा, आईच्या चित्राला धक्का न लावता, असं ठरलं. प्रोकोपियोनं सवयीनं विचारलं, "वर काय आहे?"

"कोम्पाद्रेचं मेण. दुसरं काय असणार?"

झालं. प्रोकोपियोनं एकदा पुसलं, घासलं, आणि फवारणी सुरू केली. बॉनेट झालं, छप्पर झालं, डिकी झाली. मागं वळून बघतो तर बॉनेटवरचा ओला थर जागोजागी मागं सरकत होता. एक खळगा, चार खळगे, मग मोजता येईनात इतके. सगळ्या गाडीला देवी आल्यासारख्या. त्यानं हातातला पंप खाली ठेवला आणि तो तसाच, अंगावरच्या रंगाच्या कपड्यांनिशी, ओनोफ्रेच्या दारात आला. टोपी काढली नाही. बसलाही नाही.

"तिओ, डबीत काय घालता?"

"तेच. तुला माहीत आहे ते."

"इम्पालावर सिलिकॉन निघालं. सगळीकडं."

"मग दुसऱ्या कुणाचं तरी असेल."

"सेलेदोन म्हणतो तुमच्याखेरीज त्यानं काही लावलं नाही. तो खोटं बोलतोय असं म्हणायचंय का तुम्हाला?"

कोम्पाद्रे खोटं बोलतात असं म्हणणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. ते त्याच्या मनातही आलं नाही, खरं सांगायचं तर. तो म्हणाला, "नाही. ते खोटं बोलत नसतील."

"मग तिओ, राहिलं कोण?" असं म्हणून प्रोकोपियो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओनोफ्रेच्या कुंपणाच्या मातीच्या भिंतीवर एक डबा ठेवलेला होता. लाल पट्टीचा, अर्धा वापरलेला. दाराशी कुणी आलं नव्हतं. दुपारी आणखी दोन. आठवडा संपेतो भिंतीवर डब्यांची रांग लागली, लाल, निळ्या, बिनपट्टीच्या. चार मैल जाऊन ऊन बघून आलेल्या त्या पोराचाही डबा त्यात होता. ठेवणाऱ्यांनी झाकणं मात्र घट्ट लावली होती, एवढी अदब पाळली. एरलिंडा म्हणाली, "लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शिवीला उत्तर देता येतं. डब्याला काय उत्तर देऊ?"

ओनोफ्रे कोम्पाद्रेकडं गेला. सेलेदोननं त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली, गोड पाव दिला.

"कोम्पाद्रे," ओनोफ्रे म्हणाला, "माझ्या हातून डबीत काही भलतं गेलं का? तुम्हाला गेल्या जत्रेला बोटांना काही वेगळं लागलं का? निसरडं, तेलकट?"

सेलेदोन कॉफी ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती. "अहो, वय झालं आपलं. एखादा डबा बदलला असेल. दुकानदारानं टर्पेंटाइनमध्ये काही मिसळलं असेल. तुम्हाला कुणी दोष देत नाही, कोम्पाद्रे. मी सगळ्यांना सांगतो, मुद्दाम नाही केलं त्यांनी."

"असं सांगता?"

"रोज सांगतो."

ओनोफ्रेला त्या बोलण्यानं धीर आला. हे ऐकून तुम्हाला राग येईल, पण खरंच आला. आपला माणूस आपल्यासाठी चार लोकांशी बोलतोय असं त्याला वाटलं. घरी जाऊन त्यानं टर्पेंटाइनची एकेक बाटली उघडून हुंगली. मेणाचे खडे दाताखाली चावून बघितले. मेणाचं भांडं परसात पालथं घातलं. एरलिंडानं ते उचलून आणलं, तर म्हणाला, "राहू दे. माझं नाक गेलंय. नाक गेलेल्या माणसानं मेण शिजवू नये." पंधरा दिवस त्यानं चूल पेटवली नाही. कोंबड्यांना दाणे टाकताना मूठ कधी रिकामी झाली तेही त्याला कळेनासं झालं.

मग एके दिवशी त्यानं स्वच्छ सदरा घातला आणि तो प्रोकोपियोच्या वर्कशॉपवर गेला. माफी मागायला. चूक आपली असेल तर माणसानं चालत जाऊन ती पदरात घ्यावी, असं त्याचं गणित.

प्रोकोपियो आत कुणाशी बोलत होता. इम्पाला मागच्या शेडमध्ये चादरीखाली होती. ओनोफ्रेनं चादर बॉनेटवरून उचलली, खळगे बघितले आणि बोट फिरवलं. डोळे भरून आले त्याचे. मग कडेनं मागं गेला, आणि आईला नमस्कार करावा म्हणून डिकीवरची चादर दूर केली.

आईच्या गालावर खळगे होते. कपाळावर होते. मिटलेल्या पापणीच्या अगदी खाली एक मोठा खळगा होता, टिपूस ओघळावं तसा.

ओनोफ्रे बघत राहिला. सगळ्या गाडीवर त्याची बोटं फिरली होती, पण या वीतभर जागेवर त्याचं मेण कधी लागलं नव्हतं. बावीस वर्षांत एकदाही नाही. इथं फक्त कोमट पाणी आणि उशीचा अभ्रा. म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी हात इथं फिरला होता, बाटली घेऊन, फडकं घेऊन. आणि आपण या जागेला मेण लावत नाही हे ज्याला ठाऊक होतं, त्याचाच तो हात. त्याला मोकळी, रुक्ष राहिलेली जागा बघवली नाही. तिलाही चमकवायचं होतं त्याला.

भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं आपण म्हणतो आणि हसतो. ओनोफ्रेला हसू आलं नाही. तो चादर नीट पांघरून, कडा खोचून, प्रोकोपियोला न भेटताच घरी आला.

एरलिंडानं ऐकलं आणि ओल्या हातांनीच उठली. "चल. आत्ता जाऊ. दार ठोठावून सांगते सगळ्या गल्लीला. बसून कॉफी पाजली मेल्यानं तुला, आणि वर म्हणे वय झालं!"

"बस, म्हातारे."

"का म्हणून?"

"चेहऱ्याची गोष्ट मी सांगितली तर ती नुसती माझी बाजू. खरं मानायचं कुणी? ती त्यांना माहीत आहे. त्यांनीच सांगावी."

"आणि नाही सांगितली तर?"

ओनोफ्रेनं स्वच्छ सदरा काढून खुंटीला टांगला. बोलला असता तर तेवढंच म्हणाला असता, की आपलं नाव गेलं त्याचं दुःख आता मागं पडलंय. कॉफी ढवळणारा तो हात डोळ्यांपुढून हलत नाही.

दोन शुक्रवार गेले. सेलेदोन आला नाही. उपवासाचे दिवस होते. ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी चर्चच्या मागच्या दालनात सगळं गाव जेवतं. मांस वर्ज्य, म्हणून लाल मिरचीच्या रश्श्यात अंड्याचे वडे, पालेभाजी, आणि मोडाच्या गव्हाचा गोड शिरा. ओनोफ्रे एका टोकाला बसला होता. समोर प्रोकोपियो, पलीकडं सेलेदोन. वाढपी होता उबाल्दो, गावचा चेष्टेखोर. ओनोफ्रेच्या ताटात रस्सा ओतताना तो मोठ्यानं म्हणाला, "तिओ, जपून जेवा. रस्सा फार चमकतोय. यात तर नाही ना घातलं तुम्ही काही?"

बाकावरचे हसले. हसण्यात काही पाप नाही, हसू येतं. ओनोफ्रेनं मान वर करून कोम्पाद्रेकडं बघितलं.

सेलेदोनही हसत होता.

ओनोफ्रेनं चमचा ताटात ठेवला. आवाज चढवला नाही. "कोम्पाद्रे, एक विचारू?"

"विचारा की."

"तुमच्या डिकीवरच्या आईच्या चेहऱ्याला मी मेण लावतो का?"

सेलेदोनचं हसू तोंडावर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. आजूबाजूचे बुचकळ्यात पडले. हा कसला प्रश्न? पण प्रश्न चर्चच्या दालनात विचारलेला, उपवासाच्या शुक्रवारी, आणि आईच्या चेहऱ्याबद्दलचा. तिथं खोटं बोलायला माणूस फार धीट असावा लागतो. सेलेदोन तेवढा धीट नव्हता. त्याचं धाडस बंद गॅरेजातलं.

"नाही," तो म्हणाला.

"कधीतरी? चुकून?"

"कधीच नाही. तुम्ही नुसत्या पाण्यानं पुसता."

प्रोकोपियोचा घास हातातच राहिला. थोडा वेळ लागला त्याला. मग हळूहळू तो सेलेदोनकडं वळला. "मग चेहऱ्यावर खळगे कुठनं आले?"

उबाल्दोच्या हातातल्या पळीतून रस्सा टेबलावर ठिबकत होता.

सेलेदोननं सांगितलं. ताटाकडं बघत सांगितलं. दर जत्रेच्या सकाळी, कोम्पाद्रे दोन दिवस राबून गेल्यावर, तो बाटलीतलं पॉलिश वरून फिरवायचा. सात वर्षं. "परीक्षक वीस पावलांवर उभे असतात," तो म्हणाला. "त्यांच्या मेणाची खोली बघायला जवळ यावं लागतं. लांबून नुसती चमक दिसते. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय. आणि आईचा चेहरा तेवढा फिका दिसायचा."

"आणि तुमच्या कोम्पाद्रेला गाव नावं ठेवत होतं तेव्हा?" प्रोकोपियोनं विचारलं.

"तेव्हा फार उशीर झाला होता."

एरलिंडा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "उशीर? त्याच आठवड्यात तुझ्याकडं कॉफी प्यायला आला होता तो." तिनं सरळ तू म्हटलं. रिवाज बायकांनाही लागू आहे, पण कुणी तिला टोकलं नाही.

ओनोफ्रेनं अंड्याचा वडा संपवला, शिरा खाल्ला, ताट स्वतः उचलून ठेवलं आणि तो घरी गेला.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. रविवारपर्यंत भिंतीवरचा एकही डबा शिल्लक राहिला नाही. जसे कुणी न बघता आले तसेच कुणी न बघता गेले. भिंतीवर उलट अंडी, मिरच्यांची माळ, कुणाच्या तरी घरचं चीज अशा वस्तू उगवल्या. प्रोकोपियो आला आणि या वेळी टोपी हातात धरून उभा राहिला. ओनोफ्रे म्हणाला, "बस रे. मीच तुला म्हणालो होतो, ते खोटं बोलत नसतील म्हणून. तू माझं ऐकलंस, एवढंच." परसातलं भांडं पुन्हा चुलीवर चढलं आणि एरलिंडानं सवयीनं कुरकुर केली.

प्रोकोपियोनं इम्पाला पत्र्यापर्यंत खरवडली आणि नव्यानं रंगवली. डिकीला मात्र सेलेदोननं हात लावू दिला नाही. आई तशीच राहिली, गालावरच्या खळग्यांसकट. नव्या लाल रंगात ती जुनी डिकी वेगळी उठून दिसायची आणि वीस पावलांवरूनही ते लपायचं नाही.

नव्या रंगाला तीन महिने श्वास घेऊ द्यायचा असतो, मेण लावायचं नसतं. ते तीन महिने जुलैत भरले, जत्रेच्या आठवड्यात. इतके दिवस ओनोफ्रे आणि सेलेदोन रस्त्यात भेटले की टोप्यांना हात लावायचे. दोघंही अहो म्हणायचे, तब्येत विचारायचे. त्यापुढं काही नाही.

आणि एका सकाळी इम्पाला ओनोफ्रेच्या अंगणात येऊन उभी राहिली. आजवर ती कधी इथं आली नव्हती. ओनोफ्रेच तिच्याकडं जायचा. सेलेदोन उतरला, टोपी काढली. ओनोफ्रे कोंबड्यांना दाणे टाकत होता. एरलिंडा खिडकीत होती आणि खिडकीतून हलली नाही.

"कोम्पाद्रे," सेलेदोन म्हणाला, "मला शब्द सापडत नाहीत."

ओनोफ्रे दाणे टाकत राहिला.

"मी जत्रेत जाणार नाही. चषकही परत केलेत. तुम्ही माझ्या गाडीला हात लावावा असं म्हणायचं तोंड मला नाही. माझं मी लावीन. पण रंग नवा आहे आणि मला यातलं काही कळत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. तेवढं सांगा. कुठलं मेण लावू?"

ओनोफ्रेनं शेवटचा दाणा टाकला. हात पँटीला पुसले. भिंतीजवळचं स्टूल ओढून पुढं केलं, गिऱ्हाइकांना देतो ते. मग गाडीकडं न बघता तो सेलेदोनच्या तोंडाकडं बघून म्हणाला,

"बसा. गाडी झोपते कुठं? ऊन कुठल्या बाजूनं येतं? आणि आधी काय लावलं होतं?"